अमेरिकन रेसिपीतला कप नक्की कितीचा: २३६, २४० की २५०?

रावपुरा_ओव्हन (बडोदा):

नमस्कार मंडळी. घरून केक-कुकीजच्या ऑर्डरी घेते. बहुतेक रेसिपी अमेरिकन आहेत. त्या सगळ्या ग्रॅम-मिलीत एका वहीत उतरवायच्या आहेत, म्हणजे हाताखालच्या मुलीलाही तीच वही बघून काम करता येईल. पण पहिल्याच पानावर गाडी अडली.

मंगळबाजारातून आणलेल्या स्टीलच्या सेटवर १ कप = २५० मिली असं कोरलंय. प्लास्टिकच्या सेटवर २४० आहे. नेटवर बघावं तर २३६.५९. तिन्ही कपच म्हणवतात. कुठला धरायचा?

एकाच पानावर ८ औंस क्रीम चीज आणि ८ औंस दूध दिलंय. दोन्ही २२७ ग्रॅम समजायचे का?

पाइंट म्हणजे ५६८ मिली असं डोक्यात पक्कं बसलंय, पण नेट ४७३ म्हणतं. आणि "१ पाइंट स्ट्रॉबेरी" हे काय प्रकरण आहे?

"१ स्टिक बटर" म्हणजे किती, तेही सांगा. ऑर्डरीला रेसिपी चार-पाच पट करावी लागते, त्यामुळे चूकही पाचपट होत असणार ही धास्ती आहे.

शेवटचं जरा विषय सोडून: गच्चीतल्या कुंड्यांसाठी अमेरिकेहून आलेली नीम तेलाची बाटली आहे, तिच्यावर "एका गॅलनला २ टेबलस्पून" लिहिलंय. आमचा फवारणीचा पंप ५ लिटरचा. किती घालू?


मापटं:

ताई, कप कुणाचा हे आधी ठरवा, आकडा मग आपोआप येतो. तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त तीन वेगळ्या घरचे आहेत.

२३६.५९ हा अमेरिकेचा स्वयंपाकातला कप. रेसिपी अमेरिकन असेल तर हाच. २४० हा अमेरिकेतच पाकिटावरच्या पोषण-माहितीच्या चौकटीसाठी कायद्यानं ठरवलेला गोळाबेरीज कप. त्याच नियमात टेबलस्पून १५, टीस्पून ५ आणि फ्लुइड औंस ३० मिली धरतात. २५० हा मेट्रिक कप, ऑस्ट्रेलियात चालतो आणि आपल्याकडचे बरेच सेट त्याच मापाचे निघतात. चौथाही एक घरात असेल: राइस कुकरसोबत येणारा प्लास्टिकचा पेला. तो १८० मिलीचा जपानी तांदळाचा कप आहे. केकच्या कामाला त्याला हातही लावू नका.

अमेरिकन मापांची गंमत अशी की ती सगळी एका गॅलनवर उभी आहेत. गॅलन म्हणजे बरोबर २३१ घन इंच. इंच १९५९ पासून बरोबर २५.४ मिलिमीटरचा धरतात, म्हणून एक घन इंच १६.३८७०६४ मिली. गुणाकार केला की गॅलन ३.७८५४११७८४ लिटर येतो, आणि हा आकडा पुरा आहे, पुढं शेपूट नाही. तिथून खाली नुसते भाग पाडत यायचं:

गॅलन = ३७८५.४ मिली
क्वार्ट, गॅलनचा चौथा भाग = ९४६.४
पाइंट, क्वार्टचा निम्मा = ४७३.२
कप, पाइंटचा निम्मा = २३६.६
फ्लुइड औंस, कपाचा आठवा भाग = २९.५७
टेबलस्पून, औंसाचा निम्मा = १४.७९
टीस्पून, टेबलस्पूनचा तिसरा भाग = ४.९३

चिपटं, मापटं, शेर यांच्यासारखाच दुपटीचा हिशोब आहे, फक्त शेवटी टीस्पूनला तिसरा भाग घुसलाय. आपली पायलीही गावागणिक बदलायची, तेव्हा अमेरिकेला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पाइंटचा घोळ इथूनच झाला. २३१ घन इंचांचा गॅलन हा मुळात इंग्रजांचा दारू मोजायचा गॅलन, राणी ॲनच्या काळातला. अमेरिकेनं तोच ठेवला. ब्रिटननं १८२४ च्या कायद्यानं तो काढून नवा इंपीरियल गॅलन आणला, दहा पौंड पाणी मावेल एवढा. तो आज ४.५४६०९ लिटर धरतात. वर त्यांनी पाइंट वीस औंसांचा केला, अमेरिकेचा सोळाचाच राहिला. म्हणून ब्रिटिश पाइंट ५६८ आणि अमेरिकन ४७३. तुमच्या डोक्यातला ५६८ चुकीचा नाही, पण तो ब्रिटिश पुस्तकासाठी जपून ठेवा.

आता कामाच्या युक्त्या. २५० चा कप काठोकाठ भरून त्यातून एक टेबलस्पून काढला की २३५ उरतात. अमेरिकन कपापेक्षा दीड मिली कमी, म्हणजे पाऊण टक्कासुद्धा नाही. पाइंट हवा असेल तर अर्धा लिटर दुधाच्या पिशवीतून दोन टेबलस्पून काढा: ४७०. क्वार्ट म्हणजे एक लिटरमधून साडेतीन टेबलस्पून कमी. पातळ पदार्थांना एवढं पुरे.

पाचपट केल्यानं टक्केवारी वाढत नाही, ही धास्ती काढून टाका. २३६.६ च्या जागी २५० चा कप वापरला तर चूक ५.७ टक्क्यांची, ती पाचपटीतही तेवढीच राहते. २⅓ कप दूध अमेरिकन मापानं ५५२ मिली, २५० च्या कपानं ५८३. पाचपट केलं की २७६० आणि २९१७, फरक पाऊण कपाहून कमी. तुम्हाला दिसताना तो आकडा मोठा दिसतो एवढंच. खरी गोम वेगळीकडं आहे. सगळं साहित्य एकाच २५० च्या कपानं मोजलं तर मैदा, साखर, दूध यांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. बिघडतं ते जे कपानं मोजलेलं नसतं त्याच्याशी: अंडी, स्टिकनं दिलेलं बटर, चमच्यानं घातलेली बेकिंग पावडर, आणि साच्याचा आकार. मैदा ५.७ टक्के वाढला आणि अंडी तीनच राहिली, की केक कोरडा लागतो आणि बोट भलत्याच दिशेला दाखवलं जातं.


चाळणीतला_मैदा:

वरचं सगळं मान्य, पण पातळ पदार्थांपुरतं. मैद्याच्या बाबतीत २३६ की २५० हा वाद दुय्यम आहे. कप डब्यात खुपसून भरला तर अमेरिकन कपात १४० ते १५० ग्रॅम मैदा बसतो. तोच चमच्यानं हलकेच टाकून वरून सुरीनं सपाट केला तर १२० ते १२५. हा फरक जवळजवळ वीस टक्के झाला, आणि कपाच्या मापाचा फरक साडेपाच-सहा टक्के. म्हणजे कप कुठल्या दुकानातला यापेक्षा हात कसा चालतो ते महत्त्वाचं. मुलीच्या हातात कप देऊ नका, काटा द्या. एक ग्रॅमच्या फरकाचा, पाच किलोपर्यंतचा इलेक्ट्रॉनिक काटा या कामाला पुरतो.

वहीत एका अमेरिकन कपासमोर हे आकडे लिहा: मैदा १२५, बारीक साखर २००, ब्राऊन शुगर दाबून भरलेली २१५, आयसिंग शुगर ११५ ते १२०, कोको ८५, तेल २१८, दूध २४४, मध ३३५ ते ३४०. रेसिपीत लेखकानं स्वतः ग्रॅम दिले असतील तर माझे आकडे बाजूला ठेवा, त्याचेच घ्या. एखाद्याच्या कपात १२० असतात, एखाद्याच्या १४०, आणि त्यानं बाकीचं गणित त्यावर बसवलेलं असतं.

आपली किराण्यातली साखर जाड दाण्याची. वजनानं घेतली की तेवढीच गोडी येते, पण बटरबरोबर फेसताना विरघळायला वेळ लागतो, म्हणून मिक्सरमधून एक फिरकी द्या. मापानं घेतली की दाण्याच्या जाडीप्रमाणं वजनही हलतं.

शब्दांची जागा बघा. "एक कप चाळलेला मैदा" म्हणजे आधी चाळा, मग कप भरा. "एक कप मैदा, चाळून" म्हणजे कप भरा, मग चाळा. स्वल्पविरामाच्या अलीकडं-पलीकडं १५-२० ग्रॅम इकडचे तिकडं होतात.

औंस: इथं दोन वेगळी मापं एकच नाव लावून बसलीत. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅम, आकारमानाचा फ्लुइड औंस २९.५७ मिली. पाण्याच्या बाबतीत दोन्ही इतके जवळ येतात की चूक पचून जाते, आणि म्हणूनच सवय लागते. क्रीम चीज घट्ट, तेव्हा ८ औंस = २२७ ग्रॅम. दूध ओतायचं, तेव्हा ८ औंस = २३७ मिली, वजनात २४४ ग्रॅम. चॉकलेट चिप्स १२ औंस = ३४० ग्रॅम. डबाबंद भोपळ्याचा १५ औंसाचा डबा = ४२५ ग्रॅम.

जिथं पदार्थ ओतता येतो पण विकला जातो वजनावर, तिथं फसायला होतं. मध घ्या. १२ औंस वजनाचा मध म्हणजे ३४० ग्रॅम, आणि मध पाण्याहून जवळजवळ १.४२ पट जड, म्हणून तो भरतो फक्त २४० मिली, म्हणजे एक कप. तोच १२ फ्लुइड औंस समजून दीड कप ओतलात तर पाचशे ग्रॅमवर जातो. कंडेन्स्ड मिल्कचा १४ औंसाचा डबा वजनाचा, ३९७ ग्रॅम. इव्हॅपोरेटेड मिल्कचा १२ औंसाचा डबा मात्र फ्लुइड औंसाचा, ३५४ मिली. नियम एकच: डब्यावर "नेट वेट" असेल तर ग्रॅम, "फ्लुइड" असेल तर मिली. आपल्याकडच्या डब्यांचं वजन कंपनी बदलत असते, तेव्हा "एक डबा" असं वहीत कधी लिहू नका.

स्टिक बटर ११३ ग्रॅम, म्हणजे अर्धा कप, आठ टेबलस्पून. अमूलची १०० ग्रॅमची वडी घेतली तर वर १३ ग्रॅम, साधारण एक टेबलस्पून. अमेरिकन रेसिपी बहुधा बिनमिठाच्या बटरची असते. पिवळ्या मिठाच्या वडीनं केलं तर रेसिपीतलं मीठ कमी करा.

अमेरिकन "लार्ज" अंड्यांच्या डझनाचं वजन किमान २४ औंस असावं लागतं, म्हणजे एक अंडं कवचासकट ५६.७ ग्रॅम, कवच काढून पन्नासच्या आसपास. आपल्याकडची अंडी बरेचदा लहान असतात. फोडून, फेटून, ५० ग्रॅमला एक या हिशोबानं तोला. एगलेस असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

बेकिंग पावडर आणि सोडा टीस्पूनला साधारण पावणेपाच ग्रॅम, बारीक मीठ ६. रेसिपीत "कोशर सॉल्ट" असेल तर थांबा, ते जाड आणि पोकळ दाण्याचं असतं, ब्रँडप्रमाणं टीस्पूनला ३ ते ५ ग्रॅम. तिथं आपलं बारीक मीठ चमच्याला चमचा घातलं की खारट झालंच.


जुना_हिशोब:

एवढा काथ्याकूट कशाला? गॅलन म्हणजे साडेचार लिटर, हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. दोन टेबलस्पून म्हणजे ३० मिली. साडेचार लिटरला ३०, तर पाच लिटरच्या पंपाला ३३ मिली नीम तेल. झालं.


गच्चीवरची_बाग:

काका, साडेचारचा गॅलन इंपीरियल. आपल्याकडं इंग्रजांच्या काळापासून तोच तोंडी बसला, त्यामुळं ही चूक भारतात फार होते. पण बाटली अमेरिकन आहे, तेव्हा गॅलन ३.७८५ चा. २ टेबलस्पून म्हणजे एक फ्लुइड औंस, आणि गॅलनमध्ये १२८ औंस. म्हणजे प्रमाण झालं १२८ ला १. हजाराला १२८ नं भागा: लिटरला ७.८ मिली. पाच लिटरला ३९ मिली. तुमच्या ३३ मध्ये औषध सहाएक मिली कमी पडतं, फवारा १५ टक्क्यांहून जास्त पातळ होतो.

बागेच्या पुस्तकांसाठी हे तीन आकडे पाठ ठेवले की दरवेळी गणित नको. अमेरिकन गॅलनला एक टीस्पून = लिटरला १.३ मिली. एक टेबलस्पून = ३.९ मिली. एक औंस = ७.८ मिली. ब्रिटिश पुस्तक असेल तर गॅलनमध्ये १६० औंस, म्हणून औंसाला लिटरमागं ६.२५ मिली. ऑस्ट्रेलियन लेबल असेल तर अजून एक खड्डा: त्यांचा टेबलस्पून २० मिलीचा, चार टीस्पूनचा. बाकी सगळीकडं तीनचा. बेकिंगवाल्यांनाही हे लागू. ऑस्ट्रेलियन रेसिपीतली एक टेबलस्पून बेकिंग पावडर आपल्या चमच्यानं घातली तर पाव भाग कमी पडते.

ताई, ३९ मिली पंपात थेट ओतू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. पहिला फवारा नुसत्या पाण्याचा आणि शेवटचा नुसत्या तेलाचा जातो आणि पानं करपतात. बाटलीत साबणासारखं इमल्सिफायर आधीच घातलेलं असेल तर लेबलवर लिहिलेलं असतं. नसेल तर आधी कोमट पाण्याच्या तांब्यात थोडा पातळ साबण घालून तेल फेटा, दुधाळ झालं की मग बाकीच्या पाण्यात. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर मारा. आणि हा चमचा-जग स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही.


रावपुरा_ओव्हन:

खूपच स्पष्ट झालं, धन्यवाद. काट्यावर स्टीलचा कप ठेवून, शून्य करून, पाण्यानं काठोकाठ भरला. २५८ ग्रॅम आले. पाणी एक मिलीला एक ग्रॅम असतं ना? म्हणजे हा कप २५० चाही नाही, २५८ चा निघाला? प्लास्टिकचा त्याच पद्धतीनं २४८ दाखवतो.


मकरपुरा_व्हॉल्व्ह:

कप ठीक आहे, भरण्यात खोट आहे. डोळा कपाच्या काठाच्या रेषेत आणून बाजूनं बघा. पाणी काठाच्या वर फुगून उभं राहिलेलं दिसेल, बटाटेवड्याच्या पाठीसारखं. सांडत नाही म्हणून आपण भरतच जातो. तुमच्या कपाचं तोंड आठ सेंटिमीटरचं असेल तर क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर. त्यावर दोन मिलिमीटरचा फुगवटा म्हणजे दहा मिली. दोन्ही कप साधारण तेवढेच जास्त दाखवताहेत, म्हणजे दोन्ही खरे आहेत.

बरोबर रीत: कप सपाट ओट्यावर, काठाला किंचित कमी पडेल इतका भरा. कपाच्या तोंडावर सपाट काचेचा तुकडा किंवा जाड पारदर्शक प्लास्टिक बाजूनं सरकवत आणा, शेवटची फट औषधाच्या सिरिंजनं भरा. काचेखाली बुडबुडा राहिला नाही की कप बरोबर भरला. काच उचलली की थोडं पाणी तिला चिकटून येतं, म्हणून काचेसकट तोला. त्याआधी कोरडा कप आणि काच एकत्र ठेवून काटा शून्य करायचा.

आणि पाणी एक मिलीला बरोबर एक ग्रॅम नसतं. ते ४ अंश सेल्सिअसच्या आसपास. आपल्या नळाचं पाणी ३० अंशाला लिटरमागं ९९५.७ ग्रॅम भरतं. म्हणजे खरा २५० मिली कप ३० अंशाला २४९ ग्रॅम दाखवेल, आणि खरा अमेरिकन कप २३५.६. काटा एक ग्रॅमचा असल्यानं २३५ किंवा २३६ आलं तर समाधान माना.

काचेच्या ओतायच्या जगवर रेषा असते, तिथं उलटं: काचेला पाणी कडेनं वर चढतं, मधे खळगा पडतो. खळग्याचा तळ रेषेवर आला की माप बरोबर. वरून वाकून बघितलं तर दरवेळी वेगळं दिसतं. आणि कोरड्या जिन्नसांचे कप वेगळे, पातळ पदार्थांचा जग वेगळा असं जे सांगतात त्याचं कारण एवढंच की काठोकाठ कपातून दूध सांडल्याशिवाय नेता येत नाही आणि जगमध्ये मैदा सपाट करता येत नाही. आकारमान दोन्हींचं एकच.

गॅलनचा विषय निघालाच आहे तर पाण्याच्या आरओकडं बघा. एकाच मशीनमध्ये चार मापं सुखानं नांदतात: मेम्ब्रेन (पाणी शुद्ध करणारा पडदा) जीपीडीमध्ये, म्हणजे दिवसाला किती गॅलन, फ्लो रिस्ट्रिक्टर (वाया जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह आवरणारा भाग) मिनिटाला मिलीमध्ये, पंपाचा दाब पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला किती पौंड, टाकी लिटरमध्ये. ७५ जीपीडी म्हणजे ७५ गुणिले ३.७८५, दिवसाला २८४ लिटर, तासाला पावणेबारा, मिनिटाला १९७ मिली. मेम्ब्रेन दमलंय का बघायचं असेल तर टाकीत जाणारी शुद्ध पाण्याची नळी एक मिनिट मापाच्या जगमध्ये धरा. जितके मिली येतील त्याला ०.३८ नं गुणा, ते झाले तुमचे जीपीडी. १४० मिली आले तर ५३. पण लगेच मेम्ब्रेन बदलायला निघू नका. लेबलवरचा आकडा २५ अंश तापमानाचा आणि कंपनीनं ठरवलेल्या दाबाचा असतो. पाणी एक अंश थंड झालं की प्रवाह साधारण तीन टक्के घटतो, त्यामुळं थंडीत १५ अंशाच्या पाण्याला पाऊण प्रवाह मिळणं ठीकच आहे.

आमच्या पंप-व्हॉल्व्हच्या कामातही हाच घोळ, आकडे फक्त मोठे. अमेरिकन पंपाच्या पत्रकातले ५० जीपीएम, म्हणजे मिनिटाला ५० गॅलन, हे झाले मिनिटाला १८९ लिटर, तासाला ११.३६ घनमीटर. तेच पत्रक ब्रिटिश असेल तर २२७ लिटर. पत्रकात "यूएस" किंवा "इंपीरियल" लिहिलेलं नसेल तर विकणाऱ्याला लेखी विचारावं, अंदाज करू नये. व्हॉल्व्हमधून किती प्रवाह जाऊ शकतो ते सांगणारे दोन आकडे असतात, सीव्ही गॅलनमधला आणि केव्ही घनमीटरमधला, सीव्हीला ०.८६५ नं गुणलं की केव्ही. रसायनांचा ५५ गॅलनचा ड्रम २०८ लिटरचा. तेलाच्या बातम्यांतला बॅरल मात्र ४२ गॅलनचा, १५९ लिटर. ड्रम आणि बॅरल एकच समजून हिशोब केला की चौथा हिस्सा हवेत जातो.


मापटं:

जुना_हिशोब काकांच्या बाजूनं एक: पाठ केलेला आकडा वाईट नसतो, त्याला नाव चिकटवलेलं नसतं ही अडचण. वहीत कुठंही नुसतं "कप" किंवा "गॅलन" लिहू नका, ताई. "यूएस कप", "यूएस गॅलन" लिहा. मोबाइलवरच्या कन्व्हर्टरमध्येही यूएस आणि इंपीरियल वेगळे असतात, घाईत बोट चुकतं.

पाचपट करताना आधी गुणा, मग गोळाबेरीज करा. ⅓ कप म्हणजे ७८.९. तो आधी ८० केला आणि मग पाचनं गुणला तर ४००, न करता गुणला तर ३९४. दुधाला चालेल. पण ¼ टीस्पून सोडा आधी "१ ग्रॅम" केला आणि मग दहापट केला तर १० होतो, खरा बाराच्या जवळ हवा.

स्ट्रॉबेरीचा पाइंट राहिला. फळं आणि धान्य यांसाठी अमेरिकेत कोरडा पाइंट वेगळा आहे, ५५०.६ मिलीचा. तो गॅलनवरून नाही, बुशेल या धान्याच्या मापावरून आलाय. पण फळांमधल्या पोकळीमुळं त्या मिलींचा उपयोग शून्य. एक पाइंट स्ट्रॉबेरी साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास धरून चला.


रावपुरा_ओव्हन:

काचेची पट्टी ठेवून परत तोललं. स्टील २४९, प्लास्टिक २३९. दोन्ही बिनचूक निघाले! एकच शंका राहिली: रेसिपीत "९ बाय १३ चा पॅन" असतो. माझ्याकडं ९ इंची गोल आणि ८ इंची गोल साचे आहेत. मिश्रण किती कमी करू?


चाळणीतला_मैदा:

साच्यालाही तेच गणित. ९ × १३ × २ इंच म्हणजे २३४ घन इंच. वर मापटं यांनी गॅलन २३१ घन इंचांचा सांगितलाय, म्हणजे तो पॅन जवळजवळ एक गॅलनचाच! भिंती तिरक्या असतात म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी मावतं. ९ इंची गोल, २ इंच उंच साचा: साडेचार गुणिले साडेचार गुणिले ३.१४ गुणिले २, म्हणजे १२७ घन इंच, २.०८ लिटर. ८ इंची तसाच: १००.५ घन इंच, १.६५ लिटर. म्हणजे ९×१३ च्या मिश्रणात दोन ९ इंची गोल केक काठाला थोडे उणे होतील. ८ इंची दोन केलेत तर मिश्रण सातव्या हिश्श्याइतकं उरेल. ते कपकेकच्या वाट्यांत घाला, साच्यात कोंबू नका, ओव्हनच्या तळाशी सांडतं.

"९ इंची" साचा घेताना पट्टी आतून, तळाला लावा. दुकानदार बाहेरच्या वळलेल्या काठापासून मोजून सांगतात. तळ साडेआठच भरला तर १२७ चे ११३ घन इंच होतात. आणि शंका असेल तर तोच पाण्याचा प्रयोग: साचा काट्यावर ठेवा, शून्य करा, पाणी भरा. सुट्ट्या तळाच्या साच्यात आधी प्लास्टिकची पिशवी अंथरा, नाहीतर काट्याला अंघोळ होईल.


रावपुरा_ओव्हन:

तळ ८.६ इंच निघाला. वहीत साच्यासमोर घन इंचाऐवजी आता मिलीच लिहून ठेवते.